बारा प्रश्नांची यादी

मास्तर,

परवा सकाळी तुमच्या शाळेत चाळीस मास्तर येणार आहेत. कळमनुरीचे, हिंगोलीचे, वसमतकडचे. तुमची शाळा असं मी अजून म्हणतो. तुमच्या टेबलामागं गेली सहा वर्षं मी बसतो, तरी बाहेरून कोणी ‘मास्तर’ अशी हाक मारली की आधी वाटतं, तुम्हालाच मारली. निजामाचं राज्य गेलं. पावसाळा सरता सरता चार-पाच दिवसांत गेलं. शाळा काही आठवडे बंद राहिल्या, मग उघडल्या, आणि नवे साहेब आले. ते मराठी बोलतात, भराभर बोलतात. त्यांनी मला बोलावून सांगितलं, मास्तर लोकांचं पाच दिवसांचं शिबिर घ्या. पोरांकडून घोकून घेण्याऐवजी त्यांना विचार करायला कसं लावायचं ते दाखवा. मी लगेच हो म्हटलं. हे काम मला येतं. असं लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण ते कोणामुळं येतं हे मला ठाऊक आहे.

येणाऱ्यांची नावं समोर आहेत. त्यांत पुसेगावच्या मास्तरांचं नाव आहे. ते अजून नोकरीत आहेत. पुढच्या वर्षी सुटतील. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मी तुम्हाला बारा वर्षांपूर्वी सांगायला हवी होती. ती सांगितल्याशिवाय परवा मला त्या चाळीस जणांपुढं उभं राहता येणार नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, हे मी विसरलेलो नाही. तरी लिहितो.

पण आधी तुमची पहिली आठवण लिहितो, कारण पुढचं सगळं तिथून निघतं. मी नऊ वर्षांचा आहे. आमच्या मेंढ्या एका पाटलाच्या रानात बसवल्या आहेत, खतासाठी. तुम्ही धोतराचा सोगा हातात धरून ढेकळांतून येता. हजेरीत माझं नाव आहे आणि वर्गात मी नाही, म्हणून आला आहात. बापाला वाटतं, मास्तर आता रागावणार. तुम्ही मात्र मेंढ्यांकडं पाहत उभे राहता आणि विचारता की एवढ्या कळपात कोणतं कोकरू कोणाचं, हे कसं कळतं. बाप म्हणतो, मला कळाया कशाला पाहिजे, त्याच्या मायला कळतं ना. तुम्ही हसता आणि विचारता, तिला कसं कळतं? वासानं, बाप म्हणतो. वासानंच कशावरून? बाप सांगतो की एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं तर त्याचं कातडं काढून दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर घालतात, आणि ती त्याला आपलं समजून पाजते. डोळ्यानं ओळखत असती तर फसली नसती. तुम्ही तिथंच ढेकळावर बसलात. कातडं किती दिवस ठेवतात, काढल्यावर ती लाथ मारते का, असं सगळं विचारत राहिलात. माझ्या शाळेचा विषय निघालाच नाही. तुम्ही गेल्यावर बाप आईला म्हणाला, “मास्तर येडा हाय, पन खरा हाय. ठाऊक न्हाई ते न्हाई म्हनतो. पोराला धाडू.” दुसऱ्या दिवशी मी शाळेत होतो.

तुमच्या हाताखाली मला नोकरी लागली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. नाजिरसाहेब शाळा तपासायला येत, त्याला मुआयना म्हणत. वर्षातून एकदा येई, पण भीती वर्षभर असे. प्रत्येक शाळेत मुआयन्याचा एक धडा ठरलेला असायचा. तो पोरांना इतका पाठ असे की पुस्तक उलटं धरलं तरी वाचत. तुम्ही एक दिवस आपल्याच शाळेतली पुस्तकं घेतलीत, टेबलावर उभी धरलीत आणि एकेक सोडलंत. सगळी एकाच पानावर उघडली. वर्षानुवर्षं तिथंच उघडून शिवण मोडली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही वरच्या कचेरीला दरख्वास्त लिहायला बसलात. त्या काळात पाच माणसं एकत्र बसवायची तरी मंजुरी लागे. तुमची उर्दू चांगली होती, पण तुम्ही तीन वेळा लिहून फाडलीत, कारण पोरांनी प्रश्न विचारावेत असं सरकारला लिहायचं तर शब्द जपून घालावे लागत होते.

मंजुरी आली. आठ गावांचे आठ मास्तर, महिन्यातून एक शुक्रवार, शाळेला सुट्टी असे म्हणून. एका वर्षासाठी. वर्ष संपताना नाजिरसाहेब स्वतः काही शाळा पाहणार होते आणि बैठका चालू ठेवायच्या की बंद, ते तेव्हा ठरणार होतं. निरोप धाडणं, गाड्यांची सोय बघणं, सतरंज्या गोळा करणं हे माझं काम. मला ते आवडायचं. आज चाळीस जणांची व्यवस्था लावताना मला कागद लागत नाही, तो त्या वर्षाचा सराव.

बैठकीत मास्तरांनी पोरांसारखं खाली बसायचं आणि एकानं शिकवायचं. शिकवणाऱ्यानं ‘बराबर’ किंवा ‘चूक’ हे शब्द उच्चारायचे नाहीत. उत्तर आलं की विचारायचं, तुला काहून वाटलं तसं? आणि कोणी काही लिहून घ्यायचं नाही, लिहून द्यायचं नाही. या शेवटच्या नियमावर तुम्ही अडून बसलात. मास्तर लोकांना तोच जड गेला. वही नसली की त्यांना हात कुठं ठेवावा कळेना. दुपारी तुमच्या घरी काकू सगळ्यांना जेवायला वाढायच्या. पहिल्या बैठकीला मी सवयीनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसलो, मेंढक्याच्या पोरानं बसावं तसा. काकूंनी ताट आत, चुलीशेजारी ठेवलं आणि त्या कामाला लागल्या. मी उठून आत गेलो. त्यावर कधी कोणी बोललं नाही. एकदा आमटी आळणी झाली होती आणि नऊ जण मुकाट्यानं जेवत होते. काकू म्हणाल्या, “सकाळधरून काहून काहून चाललंय. मीठ काहून न्हाई ते एकानं इचारू नये व्हय?”

पुसेगावचे मास्तर तेव्हा चाळिशीचे. जाड अंगाचे, गळा गोड. पाढे ते चालीवर शिकवत. पावकी, निमकी, दीडकी, सगळ्यांना वेगळी चाल. पुसेगावात म्हाताऱ्या बायासुद्धा दळताना त्यांच्या चालीवर पाढे म्हणत. बैठकीत मात्र त्यांना घाम फुटायचा. प्रश्न विचारायची वेळ आली की ते उत्तर सांगून टाकत आणि मग कपाळाला हात लावून सगळ्यांबरोबर हसत.

कुरुंद्याची बैठक तुम्हाला आठवत असेल. हळद काढणीचे दिवस. तिथल्या मास्तरांच्या मेहुण्याच्या रानात कढई लागली होती, म्हणून तुम्ही शाळेत न बसता सगळ्यांना तिथं नेलंत. कढईत हळद, वर तिचाच पाला, त्यावर ओलं पोतं, खाली जाळ. घरातली वडीलधारी बाई जाळ सारत होती. तुम्ही विचारलंत, मावशी, शिजली हे कसं कळतं? काडी टोचून, ती म्हणाली. मग तुम्ही विचारलंत, वाळवायचीच आहे तर आधी शिजवायची काहून? तिनं हातातलं लाकूड खाली ठेवलं आणि तुमच्याकडं नीट पाहिलं.

“मास्तर, तुमाला ठाऊक न्हाई म्हून इचारता, का आमाला ठाऊक हाय का ते बघाया इचारता?”

“मला ठाऊक न्हाई.”

“मंग बसा.”

आणि तिनं सांगितलं. कच्ची वाळवली तर महिना महिना वाळत नाही, दमट हवेत तिला पुन्हा कोंब फुटतात, मोडली तर आत रंग एकसारखा नसतो. एका साली सासऱ्यानं आळस करून अर्धी तशीच वाळवली होती, ती अर्धी आणि शिजवलेली अर्धी तिनं स्वतः शेजारी शेजारी पाहिली होती. परतताना गाडीत तुम्ही म्हणालात, आजची बैठक तिनं घेतली. मास्तर जन्मभर दुसऱ्या जातीचेच प्रश्न विचारतो, पोराला येतं का ते बघण्याचे, आणि पोराला ते पहिल्या दिवशी कळतं. मग पोरगं प्रश्न ऐकत नाही, मास्तराचा चेहरा ऐकतं. बैलगाडीच्या खडखडाटात सगळ्यांना ते ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. मला गेलं होतं. मी मान डोलावली होती.

त्याच दिवशी गाड्या सोडल्यावर पुसेगावचे मास्तर मला बाजूला घेऊन गेले. मुआयना महिन्यावर आला होता. ते म्हणाले, “भाऊ, मला प्रश्नच सुचत न्हाईत. वीस वर्सं जवाब शिकवून राहिलो. नाजिरानं इचारलं, तुमची पोरं काय प्रश्न करतात, तर मी काय दाखवू? माझ्यापायी मास्तरांच्या बैठका बंद पडतील. चार प्रश्न लिहून द्या.” मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विनवलं. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस हात धरून उभा होता. मी एका दुपारी बसलो आणि चारऐवजी बारा लिहिले. हळद वाळवायची तर आधी शिजवायची काहून? सावली दुपारी आखूड काहून? विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट काहून? असे. लिहिताना मला फार बरं वाटत होतं. कोणताही शब्द जास्त नव्हता. कागद त्यांना दिला आणि म्हणालो, हे कोणाला दाखवू नका. त्यांनी दाखवला. चांगली गोष्ट एकट्यानं ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्याकडून शेजारच्या गावच्या मास्तरांनी उतरवून घेतला, त्यांच्याकडून पुढच्यांनी, आणि महिनाभरात आठही गावांत तो पोचला. मला हे कळलं नाही. तुम्हालाही नाही.

नाजिरसाहेब पहिल्यांदा पुसेगावात आले. तुम्ही मला बरोबर घेतलंत. ते बारीक अंगाचे, शांत गृहस्थ होते. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी मुलांना बसायला सांगितलं. मग पुसेगावच्या मास्तरांना म्हणाले की तुमची मुलं आता सवाल करतात असं ऐकलं आहे. मास्तरांनी पट्टी टेबलावर हलकेच आपटली. आणि पोरं उभी राहिली, हातांची घडी घातली, आणि बाराही प्रश्न दीडकीच्या चालीवर एका दमात म्हणून खाली बसली.

एक पोरगी जरा उशिरा बसली. नाजिरांनी तिला विचारलं, हळद शिजताना पाहिली आहेस का? पुसेगावच्या शिवारात तेव्हा ज्वारी आणि कापूस. हळदीची कढई तिनं कधी पाहिली नव्हती. ती मास्तरांच्या चेहऱ्याकडं पाहू लागली. नाजिर म्हणाले, बरं, आणखी एखादा सवाल विचार, तुला वाटेल तो. ती म्हणाली, “बाराच हायेत, साहेब.”

नाजिरसाहेब हसले नाहीत. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. मग तुमच्याकडं वळून म्हणाले, “मास्टरसाब, आपने तो सवालों का भी पहाडा बना दिया.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात तेच बारा, त्याच क्रमानं, फक्त चाल नव्हती. तिसऱ्या गावात एक पोरगं चौथ्या प्रश्नावर अडलं तेव्हा नाजिरांनीच त्याला पुढचा शब्द सांगितला. आठ दिवसांनी कागद आला. बैठकांची मंजुरी पुढं वाढवलेली नाही. नाजिरसाहेब आता कुठं आहेत, मला माहीत नाही. या दिवसांत निजामाच्या अंमलदाराची तशी चौकशी करायला धीर लागतो, आणि मी ती केलेली नाही, हेही लिहून ठेवतो.

मंजुरीचा एक शुक्रवार उरला होता. तुम्ही सगळ्यांना बोलावलंत. कोणाकडून तरी मिळालेली यादीची एक प्रत तुम्ही सतरंजीच्या मधोमध ठेवलीत. अक्षर माझं नव्हतं. उतरवून उतरवून ती तिसऱ्या-चौथ्या हातातली होती. मला वाटलं होतं तुम्ही चिडाल. तुम्ही ती पुन्हा एकदा वाचलीत आणि म्हणालात, “प्रश्न चांगले हायेत. ज्यानं काढले त्याला डोकं हाय.” मग थोडं थांबून म्हणालात, “पोरं मात्र त्याला कळली न्हाईत.” आणि विचारलंत की ही यादी पहिल्यांदा कोणी लिहिली. शिक्षा करायची नाही, समजून घ्यायचंय. आपण वर्षभर बसलो, तरी कोणाला ही लिहावीशी वाटली, ते काहून वाटलं?

तो पहिल्या जातीचा प्रश्न होता. तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं. बाकीच्यांनी पुसेगावकडं पाहिलं, कारण सगळ्यांना ती तिथूनच आली होती. पुसेगावच्या मास्तरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी सतरंजीकडं पाहत होतो. ते म्हणाले, “माझीच हाय, मास्तर.” कोणीतरी हसलं, कारण या माणसाला एक प्रश्न सुचत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही माझ्याकडं वळलात आणि विचारलंत, “तुला काय वाटतं?” मी म्हणालो, ते म्हणतात तर त्यांचीच असेल. तुम्ही म्हणालात, “काहून वाटतं तसं?” तुम्ही वाट पाहिलीत. बैठकीत वाट पाहायचात तेवढीच, जास्त नाही. मग यादी घडी करून खिशात ठेवलीत आणि काकूंना जेवणाचं विचारायला उठलात. मला आयुष्यात मिळालेला सगळ्यात मोठा दम तो. त्यात आवाज चढला नव्हता.

बाहेर गाडीपाशी मी पुसेगावच्या मास्तरांना विचारलं, तुम्ही असं का केलंत. ते म्हणाले, “तुमची नोकरी नवी हाय. माझं काय, मला तसं बी येत न्हाई.” ते बैलांच्या पाठीवर थाप मारत हे म्हणाले, सहज. तेव्हापासून बारा वर्षं त्यांना लोक ‘बारावाले मास्तर’ म्हणतात. पगाराच्या दिवशी हिंगोलीला सगळे जमले की कोणी ना कोणी विचारतोच, मास्तर, तेरावा सुचला का? ते हसतात. मी दोन-तीनदा तिथं होतो. मी हसलो नाही, पण काही बोललोही नाही.

तुम्ही त्यानंतर दोन वर्षं होतात. बैठका गेल्या तरी तुमच्या वर्गात बदल झाला नाही. उलट तुम्ही मला रोज मागच्या बाकावर बसवून पाहायला लावत होता, एकट्याची बैठक असल्यासारखी. एका दिवाळीला तुम्ही मला जुन्या पेपरांच्या कोऱ्या पाठी शिवून केलेली एक वही दिलीत आणि म्हणालात, लिहीत जा, तुला लिहायला जमतं. त्यात यादीकडं काही रोख होता की नाही, हे मी आजवर ठरवू शकलो नाही. शेवटच्या तापात तुम्ही अकरा दिवस होतात. मी रोज यायचो. सांगायला जागा होती, वेळ होता, काकूसुद्धा मुद्दाम बाहेर जायच्या. मी तुम्हाला वर्गात काय झालं ते सांगायचो.

आता परवाचं. नव्या साहेबांनी मला एक छापील कागद पाठवला आहे. मुलांना प्रश्न कसे विचारावेत याच्या पंधरा रीती, प्रत्येक मास्तराला एक प्रत वाटायची, आणि शेवटच्या दिवशी त्या पाठ झाल्या आहेत का ते बघायचं. राज्य बदललं तरी यादी आलीच. मी ती खणात ठेवली आहे. साहेबांना जाऊन सांगितलं की वाटणार नाही, आणि का वाटणार नाही तेही सांगितलं. त्यांना पटायला तासभर लागला. शेवटी ते म्हणाले, बघा, जबाबदारी तुमची. मी म्हटलं, हो, माझी. पहिल्या सकाळी मी कोणताही नियम सांगणार नाही. मी त्यांना पुसेगावच्या वर्गातली ती सकाळ सांगणार आहे, जशी घडली तशी. एक यादी, ती कोणी लिहिली, ती पाढा कशी झाली. मग पाच-पाच जणांचे गट करून विचारीन की हे काहून झालं. ते दिवसभर त्यावर बसतील. मला याहून चांगला पहिला धडा ठाऊक नाही. तो चालेल याची मला खात्री आहे. चाळीस जणांत तीस तरी असे असतील ज्यांनी तेच केलं असतं.

पण ती गोष्ट पुसेगावच्या मास्तरांच्या समोर सांगायची, तर आधी त्यांना विचारायला हवं होतं. गेल्या आठवड्यात गेलो. ते शाळेच्या पायरीवर बसून ज्वारीचं कणीस चोळत होते. केस पांढरे झाले आहेत, आवाज तसाच. मी म्हटलं, यादी माझी होती हे मी सगळ्यांना सांगणार आहे. ते म्हणाले, आता कशाला, लोकायला सवय झाली, मलाबी झाली. मी म्हटलं, मला झाली नाही. ते थोडा वेळ दाणे फुंकत राहिले. मग म्हणाले, सांगा, पण माझं कौतुक करू नका, चार लोकांत डोळ्याला पाणी येतं माझ्या. मी कबूल केलं. मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं:

“मास्तरायला सांगितलं व्हतं का कवा?”

“न्हाई.”

“मंग आदी त्यायला सांगा. चाळीस जनायला मागून.”

मास्तर गेले की हो, असं मी म्हणणार होतो. पण ते थट्टा करत नव्हते. म्हणून आज शाळा सुटल्यावर बसलो आणि हे लिहिलं. यादी मी लिहिली होती, मास्तर. पुसेगावच्या मास्तरांनी ती फक्त मागितली होती, आणि तीही तुमच्या बैठका वाचाव्यात म्हणून.

एक प्रश्न राहतोच. चाळीस जणांत कोणीतरी तो विचारील, आणि विचारायलाच हवा: तुम्ही तेव्हा गप्प काहून बसलात? मी सांगीन की भ्यालो. तेवीस वर्षांचा होतो, नोकरी नवी होती. ते त्यांना पटेल, आणि कोणी पुढं खोदणार नाही. पण ते खरं नाही. नोकरीची भीती मला त्या सतरंजीवर आठवलीसुद्धा नव्हती. ज्यानं हे प्रश्न काढले त्याला डोकं हाय, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा माझा हात वर उचलला गेला होता. कोणी पाहिलं नाही. मग तुम्ही पुढचं वाक्य बोललात, पोरं मात्र त्याला कळली न्हाईत, आणि मी तो खाली घेतला.